प्रतिसाद: पाटी आणि मेनूकार्डाला एकच फॉन्ट
गोखले रोडवरच्या दुकानाची पाटी आणि मेनूकार्ड एकाच फॉन्टमध्ये जमेल का, असं वर विचारलंय. जमेल. एक टाइप या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ घ्या: देवनागरी-रोमन दोन्ही, 7 वजनं (अक्षरांच्या जाडीचे प्रकार), परवाना खुला. पाटीला बोल्ड, पदार्थांना मीडियम, वर्णनाला रेग्युलर पुरे.

देवनागरीचं ट्रॅकिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) मात्र कृपया शून्यच ठेवा! वाढवलं की शिरोरेषा अक्षरागणिक तुटते आणि रस्त्यापलीकडून शब्द एकसंध दिसत नाही. जागा भरायची तर आकार वाढवा. 10 पॉइंटला ओळीचं अंतर 15 द्या, नाहीतर वरच्या ओळीतले उकार खालच्या ओळीतल्या वेलांट्यांना भिडतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) लावला नसेल तर ‘मिसळ’ची वेलांटी ‘म’च्या उजवीकडे जाऊन बसते. छपाईला देताना अक्षरं आउटलाइन करूनच (म्हणजे त्यांचे आकार बनवूनच) पीडीएफ द्या.