शाळेच्या रग्बीत टॅकल बंद करावा का?

रीडिंगची_आई
आम्ही इंग्लंडमध्ये, रीडिंगला. लेक अकराचा, सप्टेंबरपासून मोठ्या शाळेत गेला आणि तिथे टॅकलवाली, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला धरून खाली पाडायची, रग्बी सुरू झाली. परवा प्रॅक्टिसवरून आला, जेवताना म्हणे डोकं जड झालंय, लाइट नको लावूस. खोदून विचारलं तेव्हा कळलं की पळत येणाऱ्या पोराला पाडताना याचं डोकं त्याच्या कमरेच्या हाडावर आपटलं होतं, आणि तरी हा शेवटपर्यंत खेळला, कारण सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं. डॉक्टर म्हणाले कन्कशन, म्हणजे मेंदूला धक्का बसलाय. २०१६ मध्ये इथल्या सत्तरहून जास्त डॉक्टर-प्राध्यापकांनी सरकारला पत्र लिहिलं होतं की शाळेत टॅकल बंद करा, ते मानलं गेलं नाही. मानायला हवं होतं असं माझं ठाम मत झालंय. तुम्हाला काय वाटतं?

जिमखाना_विंगर
ताई, लेकाला आराम पडो. पण बंदीला माझा विरोध. मी बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर बरीच वर्षं खेळलोय. कन्कशन जास्त करून पाडणाऱ्यालाच होतं, कारण तो डोकं समोरच्याच्या पुढ्यात घालतो. ते मागच्या बाजूला ठेवायचं, नजर वर, पाठ सरळ, ही सवय लहानपणी अंगात भिनते. सोळाव्या वर्षी ऐंशी किलोच्या पोरासमोर पहिल्यांदा उभं केलंत तर काय होईल?

फिजिओ_लंडन
वर्षानुवर्षं हेच ऐकतेय. कॅनडात आइस हॉकीत अकरा-बारा वर्षांच्या पोरांचं अंगावर धडकणं २०१३ ला बंद केलं, तर त्या वयातली कन्कशन्स खूप कमी झाली. आणि टेक्निक कितीही चांगलं असलं तरी पोरं लागलेलं लपवतात त्याचं काय? २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये बेन रॉबिन्सन नावाचा १४ वर्षांचा मुलगा शाळेच्या मॅचमध्ये डोक्याला लागूनही खेळत राहिला, पुन्हा लागलं, मैदानात कोसळला आणि वाचला नाही. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरायच्या आत दुसरा बसला तर सूज आवरत नाही. हे वाचूनही पोरांना पाठवायचं?

ऑकलंडकर
दोघांनाही थोडं थोडं पटतंय. आमच्या न्यूझीलंडमध्ये मानेच्या दुखापतींची भीती स्क्रमची होती, आठ-आठ जण डोकी खाली घालून भिडतात, स्क्रम कोसळला की हूकरच्या, म्हणजे पुढच्या रांगेत मधे असणाऱ्याच्या, मानेवर सगळा भार. २००१ पासून प्रत्येक कोच आणि रेफ्रीला दरवर्षी ट्रेनिंग सक्तीचं केलं. पुढच्या पाच वर्षांत स्क्रममधून कायमचं अपंगत्व आणणाऱ्या मणक्याच्या ९ दुखापती होतील असा आधीच्या आकड्यांवरून अंदाज होता, प्रत्यक्षात झाली १. खेळ तोच राहिला. पण मोठ्यांना शिस्त लावावी लागली, पोरांना नाही. आणि हो, ती मऊ स्क्रमकॅप, डोक्यावर घालायची टोपी, घेऊन देऊन निश्चिंत होऊ नका, ती कान आणि कातडी वाचवते, मेंदू आत हलायचा तो हलतोच.

जिमखाना_विंगर
अगदी हेच म्हणतोय. इंग्लंडनेही २०२३ पासून हौशी रग्बीत टॅकल छातीच्या हाडाच्या खाली आणलाच की. शिवाय बाथ युनिव्हर्सिटीवाल्यांनी शाळकरी मुलांना वॉर्मअपमध्ये मानेचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम दिले, आठवड्यातून तीनदा नीट करणाऱ्या टीममध्ये कन्कशन्स निम्म्याहून कमी झाली.

फिजिओ_लंडन
खाली आणला, बरोबर, डोक्याला डोकं लागणं कमी होतं. पण ताईंच्या लेकाचं डोकं कमरेवरच आपटलंय ना! वाकलं की गुडघा आणि कंबर समोर येते. व्यायाम छानच, मी स्वतः करून घेते, पण दर मोसमात नवा कोच येतो आणि पहिल्या पावसाच्या दिवशी वॉर्मअप गुंडाळतो.

रीडिंगची_आई
सगळ्यांना मनापासून थँक्यू. डॉक्टरांनी सांगितलंय २१ दिवसांच्या आत मॅच नाही म्हणजे नाही, आणि टॅकलची प्रॅक्टिससुद्धा १४ दिवस एकही त्रास न होता गेल्याशिवाय नाही. तो रुसलाय, माझ्याशी बोलत नाही. टॅकल बंद व्हावा हेच अजून वाटतं, पण टॅकल बंद होईपर्यंत लेक तर खेळणारच म्हणतो. सोमवारी शाळेत जातेय. काय विचारू?

जिमखाना_विंगर
साइडलाइनला पोरांवर लक्ष ठेवायला कोण असतं, आणि शंका आली की कोचला न विचारता मॅच थांबवायची त्याला मुभा आहे का, हे विचारा. वॉर्मअप स्वतः उभं राहून बघा.

फिजिओ_लंडन
आणि कुणाला लागलं तर ते त्याच्या मित्रालाही सांगता येऊ द्या. पोरं आईपासून लपवतात, शेजारी खेळणाऱ्यापासून लपत नाही.