फिशटँकच्या पाण्यात करंट येतोय, मदत हवी आहे

गोदाकाठचा: टँकमध्ये हात घातला की झिणझिण्या येतात. मीटर ८७ व्होल्ट दाखवतंय. मासे मजेत आहेत. दुकानदार म्हणतो तेवढं असतंच. काल पोरानं हात घातला अन् बोंबलत पळालं. लवकर सांगा.

लातूरकर: ८७ एसी की डीसी? काळी वायर कुठं धरली होती? टँकमध्ये काय काय आहे?

गोदाकाठचा: एसीच की. काळी अर्थिंगच्या भोकात, लाल पाण्यात. टँकमध्ये नेहमीचंच सगळं.

लातूरकर: नेहमीचं म्हणजे काय ते सांगा ना भाऊ. हीटर आहे का?

गोदाकाठचा: हीटर, फिल्टर, लाइट. चप्पल घातली की काही लागत नाही.

लातूरकर: बरोबरे. अनवाणी असलात की करंट तुमच्यातून फरशीत उतरतो. माशांना तशी वाट नाही, म्हणून ते मजेत.

मत्स्यगंध_नांदेड: मराठवाड्यात हीटर कशाला? फेकून द्या.

परभणीचा_गारठा: डिसेंबरात इकडं मुक्कामाला या, मग बोलू.

मत्स्यगंध_नांदेड: ते सोडा. टायटॅनियमची अर्थिंग कांडी मिळते. पाण्यात सोडली की झंझट मिटली.

वायरमन_बीड: काय सांगताय! कांडीनं बिघाड जातो का? आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा स्विच, बसवा, मग कांडीचं बघू. एमसीबीच्या, म्हणजे लोड जास्त झाला की पडणाऱ्या स्विचच्या, भरवशावर राहू नका, एवढ्याशा गळतीनं ती पडत नाही. आणि अर्थिंग आहे तरी का? उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळून खडखडीत होतो, मीठ-कोळसा टाकून पाणी कोणी ओतत नाही. अर्थिंगच नसेल तर त्या ८७ ला काय अर्थ?

मत्स्यगंध_नांदेड: माझ्याकडं कांडी आहे, काही झालं नाही अजून.

वास्तूवाला: टँक ईशान्येला आहे का?

लातूरकर: डिजिटल मीटर नुसत्या शेजारच्या वायरीनंही वीस-तीस व्होल्ट दाखवतं. पण झिणझिण्या येतात म्हणजे हे तसलं नाही. एकेका वस्तूची पिन काढून मीटर बघा. नुसता बटण बंद करून भागत नाही, कित्येक घरांत बटण न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर असतं, फेजचा करंट आतच राहतो. आणि तोवर सगळ्या पिना काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका.

गोदाकाठचा: फिल्टर काढला, तेवढंच. लाइट काढला, तेवढंच. हीटर काढला तर ९ वर आलं! काचेच्या नळीवर रबरी टोपीपाशी केसाएवढी चीर आहे, आत पाण्याचे थेंब दिसतात.

लातूरकर: पाणी आटून हीटर उघडा पडला असेल, वरून गार पाणी ओतलं की काच तडकते. चिकटवत बसू नका, नवा आणा. पाणी बदलताना त्याची पिन आधी काढायची.

वायरमन_बीड: अन् अर्थिंगचा खड्डा बघा, ते राहिलंच.

गोदाकाठचा: भाड्याचं घर आहे, मालकाला सांगतो. नवा हीटर किती वॅटचा घेऊ?

लातूरकर: टँक किती लिटरचा?

गोदाकाठचा: मध्यम.