पाड्यावर सेकंडहँड लॅपटॉप घेऊ का? (धडगाव)

डोंगरातला_पोऱ्या:
नमस्कार मंडळी, आमचा पाडा धडगाव तालुक्यात. बहिणीने बारावीनंतर नंदुरबारला ॲडमिशन घेतलंय, होस्टेल लागलं नाही म्हणून स्वयम् योजनेचा (होस्टेल न मिळालेल्या आदिवासी पोरांना राहण्या-जेवणाचे पैसे मिळतात ती) फॉर्म भरायचाय, महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची स्कॉलरशिप आहेच. प्रत्येक वेळी जीपचं भाडं देऊन सेवा केंद्रात जायचं, तिथे सर्व्हर डाऊन असला की उद्या परत या. थोडे पैसे साठलेत, लॅपटॉप घेऊ का? घरात फोन एकच, तो बाबांकडे, आणि दिवाळीनंतर आईबाबा बारडोलीकडे ऊसतोडीला जातात ते होळीलाच परत. रेंज शाळेमागच्या टेकाडावर येते फक्त.

धुळेकर_हार्डवेअर:
8 जीबी रॅम आणि एसएसडी बघून घे. बॅटरी आधी चेक कर, सेकंडहँडमध्ये तीच गेलेली असते.

सातपुडा_मास्तर:
थांब जरा, लॅपटॉपने तुझं काम होणार नाही. बहिणीच्या आधारला नंबर कोणाचा आहे? बाबांचा असणार. म्हणजे फॉर्म भरायचा इथे आणि ओटीपी जाणार बारडोलीच्या फडात, बाबा दिवसभर कोयता हातात घेऊन, फोन झोपडीत. माझ्या शाळेतल्या जुन्या पोरांचं दर वर्षी हेच होतं. त्यातून काहींचा रिचार्ज संपलेला, 90 दिवस सिम वापरलं नाही तर कंपनी बंद करू शकते, मग तो नंबर दुसऱ्याच कोणाला जातो. आधारचं देशातलं पहिलं कार्ड 2010 साली आपल्याच जिल्ह्यात टेंभलीला दिलं, आणि आपली पोरं अजून ओटीपीसाठी टेकाडावर उभी.

आधी साधा स्मार्टफोन घे, सिम बहिणीच्या नावावर, आणि तोच नंबर आधारला लाव. जुना नंबर लागत नाही, बोट टेकवलं की होतं. पोस्ट पेमेंट्स बँकेचे पोस्टमन पण 2021 पासून हे काम करतात. बँक खातं आधारला जोडलेलं आहे का तेही बघ, नाहीतर मंजूर झालेली रक्कम पण अडकते.

आणि फोन आपल्या लोकांना जमत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नको, माझ्या शेजारची आजी एक अक्षर वाचत नाही पण व्हॉट्सॲपवर आपल्या पावरी बोलीत बोलून मुलाला सगळा हिशोब सांगते.

ग्रामसभा_वाला:
मास्तरांशी सहमत. रेंजचं पण धरून ठेवा, केंद्राने जुलै 2022 मध्ये 4जी नसलेल्या 24,680 गावांसाठी 26,316 कोटी मंजूर केलेत. घोळ असा की गावाच्या एका टोकाला सिग्नल आला की कागदावर गावाचं काम झालं, पाडे राहिले डोंगरात. ग्रामसभेत पाड्याच्या नावानिशी ठराव करा. जंगलातून फोनची किंवा विजेची लाईन न्यायची असेल तर वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये 1 हेक्टरच्या आत जमीन देता येते, हेक्टरी 75 झाडांची मर्यादा आहे, पण ग्रामसभेची शिफारस लागतेच.

डोंगरातला_पोऱ्या:
मास्तर, बरोबर पकडलं, बाबांचाच नंबर आहे. बाजाराच्या दिवशी पोस्टमन भेटतो त्याला विचारतो. आईचा पण नंबर बदलायचा होता पण ऊस तोडून तिची बोटं घासलीत, रेशनच्या मशीनवर पण उठत नाहीत. तिचं काय करू?

सातपुडा_मास्तर:
पोस्टमनकडे नको मग, आधार केंद्रात ने, तिथे डोळ्याचं मशीन असतं. ऊसतोडीला जायच्या आधी उरक.