मदत हवी आहे: स्ट्राव्हा-व्हॉट्सॲपमुळे रनिंग ग्रुपमधले नवे लोक गळतायत

पहाटफेरी:
नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या आमच्या ग्रुपमध्ये पन्नासेक जण आहेत. निम्मे हिल हाफची (डोंगरातल्या अर्ध-मॅरेथॉनची) तयारी करणारे मुरलेले, बाकीचे जेमतेम ३ किमीला पोचलेले नवे. सगळ्यांचा मिळून स्ट्राव्हावर (पळण्याच्या नोंदी ठेवणारं, इतरांना दाखवणारं ॲप) एक क्लब आणि एक व्हॉट्सॲप ग्रुप. रोज सकाळी जुन्यांचे स्क्रीनशॉट पडतात, १४ किमी, १८ किमी, पेस (एका किमीला लागलेला वेळ) ५:१० मिनिटं, आणि खाली अंगठ्यांची रांग. नव्यांच्या पोस्ट पंधरवडाभर येतात, मग थांबतात, आणि त्यानंतर माणूसही मैदानावर दिसेनासा होतो. काहींचं म्हणणं पोस्ट टाकणंच बंद करा, काहींचं म्हणणं चॅलेंज लावून बक्षीस ठेवा. नेमकं काय करावं? दुसरं म्हणजे जुन्यांपैकी तिघांच्या नडग्या धरल्या आहेत. त्याचाही याच्याशी संबंध असेल का?

टेकडीपार:
पोस्ट बंद करू नका, मोजमाप बदला.

डॅमन सेंटोला यांच्या गटाने पेनसिल्व्हानिया विद्यापीठात ७९० विद्यार्थ्यांवर ११ आठवड्यांचा प्रयोग केला होता. काहींना एकमेकांना धीर देणारा ऑनलाइन गट दिला, काहींना तुलनेचा तक्ता, काहींना काहीच नाही. तक्तावाल्यांची व्यायामवर्गाची हजेरी बरीच वाढली. नुसत्या धीर देणाऱ्या गटाची मात्र काहीच न दिलेल्यांपेक्षाही थोडी कमी भरली. अशा गटात न येणारेही सगळ्यांना दिसतात आणि त्यांना बघून बाकीचे सैल पडतात, असं त्याचं कारण दिलं गेलं. म्हणजे 'छान, चालू द्या' आणि अंगठे एवढ्यावर ग्रुप चालत नाही.

पण त्या तक्त्यात मोजत काय होते तेही बघा. हजेरी मोजत होते, वेग नव्हे. नवा माणूस ५:१० चा पेस या वर्षात काढू शकणार नाही, पण आठवड्यात तीनदा येणं त्याच्या हातात आहे. स्ट्राव्हा क्लबचा तक्ता आठवड्याच्या एकूण अंतरावर लागतो, त्यामुळे १८ किमीवाला कायम वर आणि ३ किमीवाला कायम तळाला. तो तक्ता ग्रुपवर फिरवू नका. दर रविवारी संध्याकाळी एकच पोस्ट टाका: नाव आणि किती दिवस आला. चार दिवसांच्या वर मोजायचंच नाही, म्हणजे रोज पळणारा आणि चार दिवस पळणारा एकाच ओळीत बसतात. आठ-आठ जणांच्या तुकड्या पाडल्यात तर उत्तम, पण प्रत्येक तुकडी एकाच पातळीच्या लोकांची ठेवा.

रोख बक्षीस नको. बक्षीस थांबलं की येणंही थांबतं.

सावकाश_पण_रोज:
+१. यात एका गोष्टीची भर. २०१७ मध्ये सिनान अरल आणि ख्रिस्तोस निकोलाइडिस यांचा अभ्यास आला होता, सुमारे ११ लाख धावणाऱ्यांच्या पाच वर्षांच्या नोंदींवर. मित्राच्या गावी हवा चांगली पडली म्हणून तो जास्त पळाला, तर दुसऱ्या गावातला याचा मित्रही त्या दिवशी जास्त पळतो का, असं त्यांनी तपासलं. पळतो. एका किलोमीटरमागे साधारण ०.३ किमी. पण ही ओढ खालून वर जास्त चालते. कमी पळणाऱ्याची नोंद पाहून जास्त पळणाऱ्याला चेव येतो, कारण मागचा जवळ येतोय हे दिसतं. उलट दिशेने तसं फारसं होत नाही.

म्हणून १८ किमीचा स्क्रीनशॉट पाहून नवा माणूस पेटून उठेल ही आशाच सोडा. नव्यांच्या ३ किमीच्या नोंदी आधी ग्रुपवर येऊ द्या. जुन्यांनी त्यावर नुसता अंगठा न देता एक ओळ लिहावी: 'गेल्या आठवड्यात चालायला चारदा थांबलात, आज दोनदाच.' हे लिहायला माणसाची नोंद खरंच उघडून पाहावी लागते, आणि समोरच्याला ते कळतं.

डॉ_पायवाट:
नडग्यांबद्दल. संबंध असतो, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ईझी रनचा (मुद्दाम हळू पळायच्या दिवसाचा) पेस सगळ्यांना दिसणार म्हटलं की माणूस तो नकळत वाढवतो. ७:०० ने पळायचा दिवस ६:१५ ने पळला जातो, शरीराला सावरायला वेळ उरत नाही, नडगीच्या हाडावरचा भार आठवड्यामागून आठवडे साचत जातो. स्टीफन सायलर यांनी दमाच्या खेळांतल्या अव्वल खेळाडूंच्या सरावाचा अभ्यास केला, त्यात सुमारे ८० टक्के सराव हलक्या तीव्रतेचा निघाला. यवतेश्वराचा घाट चढताना तर पेस हा आकडाच निरर्थक ठरतो. खूण एकच ठेवा: पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर दम लागला तर तो ईझी रन नाही.

स्ट्राव्हावर नोंद एडिट करून 'हिडन डिटेल्स'मध्ये पेसवर टिक करा, मग इतरांना अंतर आणि वेळ दिसते, पेस दिसत नाही. 'म्यूट ॲक्टिव्हिटी' केलं तर फीडमध्येच जात नाही. ईझी दिवसाला ग्रुपमध्ये हाच नियम करा. अंतर आणि वेळ दिसत असल्याने भागाकार करणारा करेलच, पण आकडा डोळ्यांसमोर नसला की पाय आपोआप ढिले पडतात.

त्या तिघांनी नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवून पाहावं. वीतभर पट्ट्यात ठणकत असेल तर पळणं थांबवून सायकल किंवा पोहणं, आणि दुखणं गेल्यावर कमी अंतरापासून सुरुवात. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत कळ येत असेल किंवा रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला तडा असू शकतो. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, ग्रुपवर विचारत बसू नका.

पहाटफेरी:
मनापासून धन्यवाद. एका सभासदाने 'सलग १०० दिवस' सुचवलं आहे, ते लावावं का? आणि काही महिला नकाशा दिसतो म्हणून नोंदच टाकत नाहीत.

टेकडीपार:
सलग नको. एका तापात साखळी तुटते आणि मग माणूस पूर्ण सोडून देतो, किंवा ताप अंगावर काढून पळतो. त्याऐवजी '१२ पैकी १० आठवडे, आठवड्याला किमान तीन दिवस' लावा. दोन आठवडे आजारपणाला, लग्नकार्याला मोकळे राहतात. चालणंही धरा. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आहे, त्यात भरभर चालणं बसतं.

सावकाश_पण_रोज:
नकाशासाठी: सेटिंग्ज, प्रायव्हसी कंट्रोल्स, मॅप व्हिजिबिलिटी. घराच्या पत्त्याभोवतीचा १६०० मीटरपर्यंतचा भाग लपवता येतो किंवा नकाशा पूर्णच बंद करता येतो. सुरू होण्याची वेळही 'हिडन डिटेल्स'मध्ये लपते. रोज एकाच वेळी एकाच रस्त्याने जाणाऱ्यांनी ही दोन्ही सेटिंग्ज कराच. क्लब 'इन्व्हाइट ओन्ली' ठेवा, आणि हजेरी नुसती व्हॉट्सॲपवर 'आले' असं लिहूनही धरली जाईल असं पहिल्याच दिवशी सांगून टाका.