मदत हवी आहे: मालिकांतल्या बायकांवर चर्चा कशी घ्यावी?

नमस्कार. डिचोलीत आमच्या महिला मंडळात मालिकांतल्या स्त्री-पात्रांवर चर्चा ठेवायची आहे. ती उखाळ्यापाखाळ्यांवर जाऊ नये, म्हणून विचारते.

डोळ्यांसमोर आहे ती ‘आई कुठे काय करते!’. २०१९ ते २०२४ स्टार प्रवाहवर चाललेली ही मालिका आमच्या वाड्यावर घरोघरी लागायची. बायकोशी, अरुंधतीशी, प्रतारणा केली अनिरुद्धने, शिव्याशाप मात्र त्याच्या प्रेयसीला, संजनाला. माझ्या सासूबाई ती पडद्यावर आली की टीव्हीचा आवाज बंद करायच्या. अनिरुद्धचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायच्या. आणि जिच्यासाठी सगळ्या हळहळल्या त्या अरुंधतीने घटस्फोटानंतर आशुतोषशी लग्न केलं, तेव्हा ‘या वयात कसली थेरं’ म्हणणाऱ्याही त्यातल्याच. सोसणारी तेवढी चांगली, हे मला फार लागतं.

पण समोर बसणाऱ्यांतही आयुष्यभर सोसलेल्या बायका असणार. त्यांना न दुखावता हे कसं मांडावं? आधी एखादा प्रसंग दाखवावा की थेट प्रश्नच विचारावा? म्हापसा, फोंडा, पेडणे भागात कुणी असा कार्यक्रम घेतला असेल तर गाडी कुठे अडली ते जरूर कळवा. पुरुषांनाही बोलवावं का?