विषय: आईला कान्जोसेन शिकवायची आहे

प्रेषक: तेरादाचोकर

मंडळी, नमस्कार.

आई पुढच्या शुक्रवारी मिरजेहून येते आहे, तीन महिन्यांसाठी. आम्ही दोघं दिवसभर कामावर, मुलगी होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात. आईचं वय ६९, गुडघे ठीक आहेत, आणि घरात बसून राहणं तिच्या स्वभावातच नाही. मिरजेत ती रोज मंडई, देऊळ, वाचनालय असा फेरा मारते. इथेही तिला तसा फेरा हवा. तेरादाचो स्टेशन घरापासून चार मिनिटांवर आहे. कान्जोसेन, म्हणजे ओसाकाची गोल रेल्वे लाइन, एकदा हातात आली की तिला अर्धं ओसाका मोकळं होईल.

भीती वाटते ती माझ्याच अनुभवामुळे. इथल्या पहिल्या हिवाळ्यात एका रात्री ओसाका स्टेशनवर समोर लागलेल्या गाडीत बसलो. गोल लाइन आहे, कुठूनही गेलो तरी घराजवळच पोचणार, असं धरून डोळे मिटले. जाग आली तेव्हा बाहेरचे दिवे विरळ झाले होते आणि फलाटावरच्या पाटीवर 'ओजी' लिहिलेलं होतं. म्हणजे नारा प्रांत! तेन्नोजी कधीच मागे पडलं होतं. परतीची गाडी येईपर्यंत थंडीत कुडकुडत उभा होतो. मला निदान पाटी वाचता येत होती. आईवर ही वेळ आली तर?

तिला एकच नियम सांगायचा आहे, लक्षात राहील असा. काय सांगू?

---

प्रेषक: निशिनोमियाकर

सोपं आहे. "फक्त नारिंगी गाडीत बसायचं." नारा, वाकायामा, विमानतळ या गाड्या वेगळ्या रंगाच्या असतात. आमच्या सासूबाईंना हेच सांगितलं होतं.

---

प्रेषक: क्योबाशीकर

निशिनोमियाकर, हा नियम अर्धाच खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्या नियमानेच माणूस जास्त फसतो. साकुराजिमाला, म्हणजे युनिव्हर्सलच्या मनोरंजन बागेकडे जाणारी गाडीही नारिंगीच असते. ती निशिकुजोला वर्तुळ सोडते. क्योबाशीहून निघालेली अशी गाडी मी रोज बघतो. पोरं खुशीत असतात, आणि एखादे आजोबा निशिकुजोच्या पुढे गेल्यावर दचकून उठतात.

कान्जोसेनला आपण 'गोल लाइन' म्हणतो खरं, पण ती गोल म्हणून कुणी आखलेलीच नव्हती. पूर्वेचा अर्धा भाग, तेन्नोजीपासून क्योबाशीमार्गे उमेदापर्यंतचा (म्हणजे ओसाका स्टेशनपर्यंतचा), १८९५ साली एका खाजगी कंपनीने टाकला. पश्चिमेचा ओसाका ते आजिकावागुची हा तुकडा दुसऱ्या कंपनीने १८९८ साली बंदराकडे जाण्यासाठी टाकला. हे दोन तुकडे कितीतरी वर्षं एकमेकांना न भेटता नांदले. निशिकुजो आणि तेन्नोजीमधली फट भरून 'ओसाका कान्जोसेन' हे नाव पडलं ते २५ एप्रिल १९६१ रोजी.

तेव्हाही गाड्या गोल फिरत नव्हत्याच. निशिकुजोला एक फलाट जमिनीवर आणि दुसरा उंचावर होता, रूळ एकमेकांना जोडलेले नव्हते. गाडी साकुराजिमाहून निघायची, निशिकुजो, ओसाका, क्योबाशी, तेन्नोजी करत पुन्हा निशिकुजोला यायची आणि तिथेच संपायची. कागदावर जपानी 'नो' हे अक्षर काढून बघा, の, अगदी तसा मार्ग. इथले जुने लोक त्याला 'नो अक्षराची धाव' म्हणतात. सगळे रूळ उंचावर नेऊन गाडी खरी गोल फिरायला लागली ती मार्च १९६४ मध्ये.

हा इतिहास सांगितला कारण तुमची ओजीची रात्र याच घडणीतून आली. वर्तुळाला दोन ठिकाणी तोंडं आहेत, निशिकुजोला एक आणि तेन्नोजीला दुसरं. निशिकुजोहून साकुराजिमा फुटते, तेन्नोजीहून नारा, वाकायामा आणि विमानतळ. ज्यांना नाराहून थेट ओसाका स्टेशनला यायचं असतं त्यांच्यासाठी याच रुळांवरून जलद गाड्या आत येतात आणि बाहेर जातात. एकूण लांबी २१.७ किलोमीटर, स्टेशनं १९, पूर्ण फेरीला साधारण ४० मिनिटं. पण फलाटावर लागणारी प्रत्येक गाडी फेरी पूर्ण करणारी नसते.

आणखी एक. परत जाताना आईला विमानतळाच्या जलद गाडीने न्याल तर १ ते ४ या डब्यांतच बसा. मागचे चार डबे हिनेनोला सुटतात आणि वाकायामाला जातात.

---

प्रेषक: मोमोदानीकर काकू

अरे तेरादाचोकर, आईला रंग शिकवू नकोस आणि कांजी, म्हणजे इथली चित्रलिपी, तर मुळीच नको. तिला जे आधीपासून येतं तेच सांग. प्रदक्षिणा.

मी इथे बावीस वर्षं राहते. पहिल्या वर्षी मला 'सोतोमावारी' आणि 'उचिमावारी' या दोन शब्दांनी फार छळलं. बाहेरची फेरी कोणती, आतली कोणती, काही केल्या ध्यानात राहीना. मग एक दिवस नकाशावर बोट फिरवताना उलगडलं. आपल्यासारख्याच इथल्या गाड्याही डाव्या रुळावरून धावतात. म्हणून घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाणारी गाडी बाहेरच्या रुळावर असते. ती सोतोमावारी. देऊळ उजव्या हाताला ठेवून आपण फिरतो तशीच. ओसाकाचा किल्ला वर्तुळाच्या आत आहे, आणि सोतोमावारी गाडीतून तो उजव्या हाताला दिसतो. उलटी जाते ती उचिमावारी.

आता खरी गोष्ट. जादा तिकिटाच्या एक्सप्रेस सोडल्या तर इतक्या वर्षांत माझ्या पाहण्यात प्रदक्षिणेची गाडी वर्तुळ सोडून कधी गेलेली नाही. फार तर क्योबाशीला किंवा तेन्नोजीला संपते, सगळे उतरतात, आपण त्याच दिशेची पुढची गाडी धरायची. बाहेर पळतात त्या सगळ्या उलट्या दिशेच्या गाड्या. तू ओजीला गेलास तोही ओसाकाहून निशिकुजोच्या बाजूने, म्हणजे उलटाच गेला असणार.

तेव्हा आईला एवढंच सांग: प्रदक्षिणेच्या दिशेने बसा, वाट्टेल तिथे उतरा, झोप लागली तरी परत याल. लांबचा फेरा पडला तर पडू दे, तिला कुठे ऑफिस गाठायचंय?

आणि हो, नारिंगी गाडीत चार नंबरचा डबा बायकांचा असतो, दिवसभर आणि रोज. फलाटावर त्याची गुलाबी खूण आहे. तिथे उभी राहिली की तिला बरं वाटेल.

---

प्रेषक: क्योबाशीकर

काकू, तुमचा मेल वाचून मी वहीत सगळे मार्ग काढून पाहिले. अगदी बरोबर आहे. नाराचे आणि वाकायामाचे रूळ तेन्नोजीजवळ पश्चिमेच्या अंगाने वर्तुळाला मिळतात, आणि साकुराजिमाचा फाटा निशिकुजोला असा जोडलाय की ओसाकाकडून येणारी गाडीच त्यात शिरते. क्योबाशीकडून प्रदक्षिणेने तेन्नोजीला आलेल्या गाडीला नाराकडे वळायला वाटच नाही. बारा वर्षं या लाइनने जातो, पण हे असं एका शब्दात कधी पाहिलं नव्हतं.

एक भर घालतो. पहिली पूर्ण फेरी तेरादाचोहून तेरादाचोपर्यंत करू नका. त्याच स्टेशनवर इकोका कार्ड (तिकिटाऐवजी वापरायचं) लावलं की दार अडतं आणि खिडकीशी जावं लागतं. तेरादाचोला चढून प्रदक्षिणेने मोमोदानीला उतरा. मोमोदानी तेरादाचोच्या अलीकडचं स्टेशन. या भागात भाडं जवळच्या वाटेनेच धरलं जातं. एकच स्टेशन दोनदा न ओलांडता आणि मध्ये बाहेर न पडता गेलं तर लांबचा फेरा नियमात बसतो. म्हणजे एका स्टेशनच्या भाड्यात जवळजवळ सगळं वर्तुळ.

---

प्रेषक: तेरादाचोकर

काकू, क्योबाशीकर, मनापासून आभार. आई पोचली. काल रात्री जेवताना तिला नकाशा दाखवला. ती एवढंच म्हणाली, "मिरजेच्या बाईला जंक्शन शिकवतोस होय?" आज गुरुवार, सकाळी दहाला ती एकटी निघाली आहे. माझं कामात लक्ष नाही.

---

प्रेषक: मोमोदानीकर काकू

मी मोमोदानीला फलाटाच्या पायऱ्यांपाशी उभी आहे. काळजी करू नकोस.

---

प्रेषक: तेरादाचोकरची आई

सर्वांना नमस्कार. मुलाने माझं नाव या यादीत घातलं आहे. मोबाइलवर टाइप करते आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मिरजेची. आमच्याकडे एका फलाटावर कोल्हापूर, एकावर पंढरपूर, एकावर बेळगाव. गाडीत बसायच्या आधी दोघांना विचारायचं ही सवय लहानपणापासूनची. त्यामुळे भीती अशी नव्हती. फक्त विचारायचं कोणत्या भाषेत, एवढाच प्रश्न होता.

चार नंबरच्या खुणेपाशी उभी राहिले. गाडी आली आणि दार बरोबर त्या खुणेपुढे थांबलं, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. क्योबाशीकरांनी नंतर फोनवर सांगितलं की २०१६ पासून आलेल्या नव्या नारिंगी गाड्यांना चाराऐवजी तीन दारं ठेवली. जलद गाड्यांनाही तीनच असतात, म्हणजे कुठलीही गाडी आली तरी दार त्याच जागी. मला हे फार आवडलं. कुणीतरी बसून हा विचार केला.

पुढच्याच स्टेशनावर, तेन्नोजीला, सगळे उतरले. गाडी संपली. काकूंनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही, पण क्षणभर छातीत धडधडलं हे खरं. शेजारी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी होती. मी हवेत बोटाने गोल काढला, घड्याळासारखा. तिने मान हलवली, तिनेही तसाच गोल काढला आणि मी उभी होते तोच फलाट दाखवला. पुढच्या गाडीत तिने मला आधी चढू दिलं. तिची दप्तराची पिशवी बेंतेनचोपर्यंत माझ्या मांडीवर होती.

बेंतेनचो आलं तेव्हा सूनबाईने सांगितलेलं आठवलं. बेंतेन म्हणजे बेंझाइतेन, आपली सरस्वती. एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, रोज तिच्या तसबिरीपुढे प्रार्थना घेतली. इथे तिच्या नावाचं स्टेशन आहे आणि एक शाळकरी पोर तिथेच उतरून मला हात हलवते आहे, हे बघून डोळे भरून आले. आणि तेन्नोजी हे नाव ज्या शितेन्नोजी देवळावरून आलं, तिथल्या चार राजांत एक आपला वैश्रवण, म्हणजे कुबेर आहे म्हणे. ५९३ सालचं देऊळ. तिथे मुलाबरोबर रविवारी जाणार आहे.

क्योबाशीनंतर उजवीकडे झाडांच्या वर किल्ल्याचं हिरवं छप्पर दिसलं. डावीकडे रुळांवर ओळीने नारिंगी गाड्या विश्रांती घेत उभ्या होत्या. त्सुरुहाशीला दार उघडलं आणि भाजलेल्या मांसाचा वास डब्यात शिरला, तेवढा वेळ पदर नाकाशी धरला. त्यानंतर लगेच मोमोदानी. काकू पायऱ्यांपाशी हातात छत्री घेऊन उभ्या होत्या, पाऊस नसताना. म्हणाल्या, लांबून ओळखू यावं म्हणून. दोघींनी त्यांच्या घरी आल्याचा चहा घेतला.

एक शंका होती, ती मुलाला विचारली, इथेही विचारते. एका स्टेशनचे पैसे देऊन एवढं फिरणं म्हणजे लबाडी तर नाही? क्योबाशीकरांनी नियम समजावला तेव्हा मन शांत झालं. नाहीतर परत जाऊन पैसे भरणार होते.

पुढच्या गुरुवारी बेंतेनचोला उतरणार आहे. तिथे जवळपास सरस्वतीचं देऊळ असलं आणि कुणाला ठाऊक असलं तर स्टेशनपासून कोणत्या हाताला वळायचं ते कळवा.