वयस्क, वृद्ध, ज्येष्ठ, वरिष्ठ: नेमका कोण कुठे बसतो?

इंदूरकर

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात घरी एक सरकारी फॉर्म आला होता, अर्थातच हिंदीत. त्यात ‘परिवार में वयस्क सदस्यों की संख्या’ असा रकाना होता. आईने चष्मा लावला, नीट वाचले आणि २ असा आकडा घातला. म्हणजे ती आणि बाबा. मी, बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी, आम्ही तिघे त्या कागदावर उरलोच नाही. फॉर्म परत आला तेव्हा आई फार खजील झाली, आणि मला त्याचेच वाईट वाटले, कारण तिचे काहीच चुकले नव्हते. आपल्या मराठीत वयस्क म्हणजे उतारवयाचा माणूस. हिंदीत वयस्क म्हणजे अठरा पूर्ण झालेला, ज्याला आपण प्रौढ किंवा सज्ञान म्हणतो तो. ‘वयस्क मताधिकार’ म्हणजे आपला ‘प्रौढ मताधिकार’.

हे सांगायचे कारण असे की आमच्या मंडळासाठी मी साठीपुढच्या लोकांच्या सरकारी सोयींचे एक पानी मराठी माहितीपत्रक लिहितो आहे आणि दर ओळीला अडतो आहे. बँकेच्या पाटीवर ‘वरिष्ठ नागरिक’, पुण्याच्या वर्तमानपत्रात ‘ज्येष्ठ नागरिक’, पेन्शनच्या कागदावर ‘वृद्धावस्था’. हे तिन्ही एकच का? आणि लोकसंख्येच्या लेखांत म्हाताऱ्या माणसांना ‘अवलंबित’ किंवा ‘आश्रित’ म्हणतात, ते मला लिहवत नाही. त्याला दुसरा शब्द आहे का?

रामबागची मावशी

बाळा, आईला सांग, तिने लिहिले ते मराठीला धरूनच होते.

आता एकेक घेऊ. वरिष्ठ हा ‘उरु’ म्हणजे विस्तीर्ण, मोठा, या शब्दाचा शेवटचा दर्जा, म्हणजे ‘सर्वांत मोठा’. त्यात वय नाही. म्हणून मराठीत वरिष्ठ म्हणजे कचेरीतला वरचा माणूस. तिशीतला अधिकारी पन्नाशीतल्या कारकुनाचा वरिष्ठ असतो. ‘वरिष्ठ नागरिक’ म्हटले की मराठी कानाला वाटते, काही नागरिक वरच्या पायरीवरचे आणि बाकीचे त्यांच्या हाताखालचे. हिंदीत तो रुळला आहे, तिथे तो ठीकच आहे.

ज्येष्ठची गंमत वेगळी आहे. पाणिनीचे एक इवलेसे सूत्र आहे, ‘वृद्धस्य च’. वृद्ध शब्दाला ‘सर्वांत’ या अर्थाचा इष्ठ प्रत्यय लावायचा झाला की त्याच्या जागी ‘ज्य’ येतो आणि ज्येष्ठ होतो. प्रशस्य, म्हणजे वाखाणण्याजोगा, या शब्दाचेही रूप तेच. म्हणजे जी माणसे वृद्ध म्हटल्यावर नाराज होतात आणि ज्येष्ठ म्हटल्यावर खुलतात, त्यांना आपण व्याकरणाने अधिकच वृद्ध म्हणत असतो! दोन्ही शब्द एकाच घरातले.

वृद्ध शब्दाला आपण उगीच वाळीत टाकले, असे माझे स्पष्ट मत आहे. तो वृध् म्हणजे वाढणे या धातूपासून आला. वृद्ध म्हणजे वाढलेला. कशात वाढलेला ते पुढे सांगायचे असते: ज्ञानवृद्ध, तपोवृद्ध, वयोवृद्ध. मोडकळीला आलेला असा अर्थ त्यात नाही, तो ‘जीर्ण’मध्ये आहे. आणि ‘म्हातारा’सुद्धा महत्तर, म्हणजे अधिक मोठा, यावरूनच आलेला आहे. शब्द जुना झाला म्हणून नव्हे, आपण तो हिणवून वापरला म्हणून तो खाली आला.

आणखी एक. आमच्या आजीच्या घरी भावकीत मूल जन्मले की ‘वृद्धी आली’ म्हणत. मरणाचे ते सुतक, जन्माची ती वृद्धी. एकाच धातूने घरातले तान्हे आणि घरातला म्हातारा दोघांना नाव दिले.

सुदामानगर

मावशी, वृद्धी आणि वृद्ध हे एकत्र ठेवलेत आणि माझ्या विषयाची गुरुकिल्लीच हाती दिलीत. मी आयुष्यभर आकड्यांतच काम केले.

आपल्या सरकारी धोरणाने आधी पन्नास वर्षे वृद्धीचीच, म्हणजे वाढत्या जन्मांचीच, काळजी वाहिली. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९७७ नंतर त्याचे नाव कुटुंबकल्याण झाले. आपल्या मध्य प्रदेशात २६ जानेवारी २००१ किंवा त्यानंतर तिसरे अपत्य झाले तर सरकारी नोकरीला अपात्र, असा नियम आला. आणि त्याच सुमारास दुसरा शब्द, वृद्ध, हळूच आत शिरत होता. १९९९ मध्ये वृद्धांसाठी राष्ट्रीय धोरण, २००७ मध्ये आईवडील आणि ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा कायदा, २०१८ मध्ये मध्य प्रदेशच्या कर्मचाऱ्यांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६२, २०२४ मध्ये सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचे उपचार, मग उत्पन्न कितीही असो. त्याच २०२४ मध्ये आंध्र प्रदेशाने स्थानिक निवडणुकांतली दोन अपत्यांची अट काढून टाकली. वृद्धीला घातलेला बांध सोडायची वेळ काही राज्यांवर आली, हे मला फार मोठे वळण वाटते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, २.० वर आला होता. पिढीची जागा पुढच्या पिढीने भरून काढायला २.१ लागतो.

२०११ च्या जनगणनेत साठीपुढचे देशात १० कोटी ३८ लाख, म्हणजे ८.६ टक्के. केरळात १२.६, आपल्याकडे ७.९. म्हणून केरळातल्या माणसाला जो शब्द रोज लागतो, तो आपल्याला आता कुठे लागायला लागला आहे.

आता ‘अवलंबित’. १५ ते ५९ या वयाच्या दर शंभरामागे साठीपुढचे किती, ते ‘वृद्ध अवलंबन गुणोत्तर’. १९६१ साली १०.९, २०११ साली १४.२. गणित एवढेच. कोण कोणाला पोसतो हे त्यात मोजलेलेच नाही. माझे शेजारी ७१ वर्षांचे आहेत, सीतलामाता बाजारातल्या दुकानात रोज अकराला बसतात, आणि त्यांचा बावीस वर्षांचा नातू तीन वर्षे स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करून राहिला आहे. गुणोत्तरात आजोबा अवलंबित, नातू आधार. सकाळी साडेपाचला उठून नातवंडांचे डबे करणारी आजीही अवलंबित. अशा माणसांना तो शब्द लावणे चुकीचे आहे. गुणोत्तराला लावायचा तर लावा, माणसाला लावू नका.

आश्रित तर त्याहून वाईट. होळकरांच्या काळात दरबाराच्या कृपेवर राहणाऱ्यांना तो शब्द होता. आणि वृद्धाश्रमातला आश्रम ‘श्रम्’पासून आलेला असला तरी ऐकणाऱ्याला आश्रितच आठवतो.

बडोदेकर

बडोद्याहून एक भर घालतो. आमच्याकडे गुजरातीत ‘वडील’ म्हणजे घरातले कोणीही मोठे माणूस, आजीसुद्धा. मराठीत वडील म्हणजे बाप. मी लहानपणी गुजराती पाटीवर ‘वडीलो माटे’ वाचून, ही जागा फक्त मुलांच्या वडिलांसाठी आहे असे समजलो होतो. पण ‘वडीलधारी’ मध्ये आपणही तो जुना अर्थ सांभाळला आहे. माहितीपत्रकात ‘घरातली वडीलधारी मंडळी’ असे का लिहू नये?

सुदामानगरकर काकांशी मात्र माझा एक वाद आहे. अवलंबित शब्द पुसून टाकला तर ज्याला खरोखर आधार नाही, त्याच्यासाठी मागायचे कशाच्या जोरावर? इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धावस्था पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाला महिना २०० रुपये, ८० नंतर ५००. आणि तेही दारिद्र्यरेषेखालच्यांना. त्या दोनशे रुपयांवर एकट्या राहणाऱ्या बाईला तुम्ही ‘स्वावलंबी’ म्हणणार का? शब्द कडू असला तरी काही वेळा तो दाखवावा लागतो.

सुदामानगर

दादा, मुद्दा मान्य. तिथे महाराष्ट्रात वापरतात तो ‘निराधार’ मला अधिक पटतो. त्यात काय नाही ते सांगितले आहे, म्हणजे आधार. त्या माणसात काही कमी आहे असे त्यातून निघत नाही. अवलंबितमध्ये दोष माणसाकडे जातो.

पण महाराष्ट्रातल्याच ‘निवृत्तिवेतन’ शब्दावर माझी हरकत आहे. श्रावणबाळ योजनेच्या नावात तो आहे. जिने जन्मभर दुसऱ्याच्या शेतात खुरपणी केली, तिला वेतन कधी होते आणि ती निवृत्त कशातून झाली? इंदुरात पेन्शन म्हणतात तेच बरे. त्या शब्दात कचेरी नाही.

इंदूरकर

मावशी, काका, दादा, मनापासून आभार. आणखी एक खड्डा सापडला, तो सांगतो. २००७ च्या कायद्याच्या नावात हिंदीत ‘भरण-पोषण’ आहे, महाराष्ट्रात ‘चरितार्थ’ लिहितात. आमच्या गल्लीतल्या तरुण मुलांना मी ‘चरितार्थ’ वाचायला दिला, तर त्यांनी ‘खरे ठरणे’ असा अर्थ लावला. हिंदीत म्हण चरितार्थ होते ना! म्हणून ‘खाण्यापिण्याचा, औषधाचा खर्च’ असे सरळ लिहिले, आणि पुढे: मुलांनी तो दिला नाही तर उपविभागीय स्तरावरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत.

आता निर्णय. माहितीपत्रकात समूहाचे एकच नाव वापरायचे नाही असे मी ठरवले, कारण प्रत्येक सोयीचे वय निराळे आहे. कायदा ६० ला ज्येष्ठ मानतो, आयुष्मान ७० ला, आयकर ८० ला अतिवरिष्ठ. रेल्वेची सवलत पुरुषांना ६० आणि बायकांना ५८ ला होती, ती मार्च २०२० पासून बंद आहे, तरी लोक अजून विचारतात. म्हणून ‘साठी ओलांडलेले’, ‘सत्तरी ओलांडलेले’, ‘ऐंशीपुढचे’ असेच लिहितो. आपल्याकडे साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन अशा पायऱ्या आहेतच, वय उच्चारण्याची आपल्याला कधी लाज नव्हती. मथळ्यात मात्र ‘ज्येष्ठांसाठी’.

एक ओळ अजून अडली आहे: ‘नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा.’ बाबा म्हणतात हयातीचाच ठेव. पण खिडकीवर मागायचे तर ‘जीवन प्रमाण पत्र’ म्हणावे लागते.

रामबागची मावशी

दोन्ही लिही. आधी हयातीचा दाखला, आणि पुढे ‘खिडकीवर जीवन प्रमाण पत्र म्हणा’. अक्षर मोठे ठेव, सोळा तरी. आणि ‘द्यावा’ ऐवजी ‘द्या’ लिही, ‘द्यावा’ने नोटीस आल्यासारखे वाटते. ऐंशीपुढच्यांना ऑक्टोबरपासूनच देता येतो, तेही घाल. मी गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या रांगेत उभी होते, मला कोणी सांगितले नव्हते.